दावा हरलो. आता 'वर' जायचं म्हणजे नक्की काय?

बांधकरी
मंडळी, वडिलांनी लावलेला दावा परवा, ४ तारखेला, फेटाळला गेला. दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. शेजाऱ्याने बांध फोडून आमच्या अंगाला चार-पाच फूट नांगर घातला म्हणून हद्द कायम करून द्या आणि कायमची मनाई द्या, असा साधा दावा. साडेसात वर्षं चालला.

निकाल एकोणीस पानी आहे. तीनदा वाचला. कळलं ते एवढंच की भूमी अभिलेखची मोजणी झाली होती, नकाशाही दाखल होता, पण मोजणीदाराला आम्ही साक्षीला आणलं नाही. त्यामुळे नकाशा शाबीत नाही, नकाशा नाही म्हणून अतिक्रमण शाबीत नाही, सबब दावा नामंजूर.

वडील म्हणतात, "वर जाऊ. वरचा साहेब नकाशा बघेल. मोजणीदाराला तिथे उभा करू, सगळं पहिल्यापासून सांगू." वकिलांनी फी सांगितली, बाकी काही बोलले नाहीत. वर खरंच पहिल्यापासून सांगता येतं का? किती दिवस आहेत? आणि मधल्या काळात शेजाऱ्याने पुन्हा नांगर घातला तर?

निवृत्त_शिरस्तेदार
बाकी सगळं नंतर. निकालाच्या नकलेचा अर्ज टाकलात का?

बांधकरी
नाही अजून. वकील म्हणाले बघू.

निवृत्त_शिरस्तेदार
बघू नका, उद्याच टाका. अठ्ठावीस वर्षं कोर्टात नोकरी केली. अपिलं हरलेली पुष्कळ पाहिली, पण मुदतीत बुडालेली त्याहून जास्त जिवाला लागतात, कारण तिथे कुणी तुमचं ऐकूनच घेतलेलं नसतं.

तुमचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात. मुदत कायदा १९६३ चा, त्यात अनुच्छेद ११६. हायकोर्टात अपील असेल तर ९० दिवस, इतर कोर्टात ३० दिवस. तुम्हाला ३०. निकालाचा दिवस मोजत नाहीत. शिवाय कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ वजा होतो. म्हणजे काय, ते नकलेच्या पाठीवर बघा. तिथे एक शिक्का असतो आणि त्यात तीन तारखा: अर्ज केला ती, नक्कल तयार झाली ती, आणि तुम्ही उचलली ती. पहिल्या दोन तारखांमधला काळ कोर्टाच्या खात्यावर. तिसरी तारीख तुमच्या आळसाची.

आणि अर्जच पंचवीस दिवसांनी केलात तर ते पंचवीस दिवस गेले. हुकूमनामा (निकालावरून निघणारा औपचारिक आदेश) तयार व्हायचा होता हो, ही सबबसुद्धा अर्ज करण्याआधीच्या काळाला चालत नाही, कलमातच स्पष्टीकरण आहे.

चौथा_पक्षकार
मुदत गेली तर विलंब माफीचा अर्ज करायचा. सगळे करतात. आजारी होतो म्हणायचं.

काळा_कोट
जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

विलंब माफी कलम ५ खाली मिळते, पण 'पुरेसं कारण' दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने १९८७ साली काश्मीरमधल्या एका भूसंपादन प्रकरणात सांगितलं की उशीर करून पक्षकाराचा काही फायदा होत नसतो, त्यामुळे अशा अर्जांकडे उदारपणे बघावं. तो निकाल आम्ही सगळेच दाखवतो. पण समोरचाही मग निष्काळजी पक्षकाराला माफी नाही सांगणारे चार निकाल दाखवतो. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तोवर तुमच्या अपिलाला नंबरसुद्धा पडलेला नसतो.

आता मूळ प्रश्न, पहिल्यापासून सांगता येतं का. वडिलांना 'नाही' म्हणाल तर अर्धं खोटं होईल आणि 'हो' म्हणाल तर अर्धं खोटं होईल.

पहिलं अपील दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ९६ खाली. इथे जिल्हा न्यायाधीश वस्तुस्थिती आणि कायदा, दोन्ही पुन्हा तपासू शकतात. नुसते तपासू शकतात असं नाही, तपासलेच पाहिजेत. ऑर्डर ४१ नियम ३१ प्रमाणे मुद्दे काढून प्रत्येकावर कारणांसह निष्कर्ष लिहावा लागतो. 'खालच्या कोर्टाचा निकाल योग्य वाटतो' असं एका ओळीत लिहून मोकळं होता येत नाही. या अर्थाने सगळं पहिल्यापासून.

पण बघायचं ते खालून आलेलं रेकॉर्ड. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), निशाण्या (पुराव्यात नंबर पडलेले कागद), साक्षी, उलटतपास. कोर्ट बेलिफाला पाठवून नवे साक्षीदार गोळा करत नाही. वडिलांच्या डोक्यात जो सीन आहे, साहेबांसमोर मोजणीदार उभा आहे आणि नकाशा उलगडतोय, तो तसा आपोआप घडत नाही.

त्याला ऑर्डर ४१ नियम २७ आहे. अतिरिक्त पुरावा. दारं तीन. एक, खालच्या कोर्टाने घ्यायला हवा असलेला पुरावा नाकारला. दोन, पुरेशी खटपट करूनही तो तेव्हा माहीत नव्हता किंवा आणता आला नाही. तीन, अपिलाच्या कोर्टालाच निकाल देण्यासाठी तो हवासा वाटला. आता प्रामाणिकपणे सांगा, मोजणीदाराला समन्स काढायचा अर्ज खाली दिला होता?

बांधकरी
नाही. तेव्हाचे वकील म्हणाले होते सरकारी नकाशा आहे, सही-शिक्का आहे, पुरेसं आहे. (ते वकील नंतर बदलले.)

काळा_कोट
मग पहिलं दार बंद. दुसरंही जवळपास बंद, कारण मोजणीदार कुठे पळाला नव्हता, तुम्ही बोलावलं नाहीत. 'वकिलाने सांगितलं नाही' हे कारण सहसा चालत नाही. राहिलं तिसरं. आणि हद्दीच्या वादात तिसरं दार अगदीच भिंत नसतं. अपिलाच्या कोर्टालाही मूळ कोर्टाचे अधिकार असतात, कलम १०७. बांध कुठे आहे हे दोघांच्या तोंडी साक्षीवरून कळत नाही, जमीन मोजूनच कळतं, म्हणून अपिलात कोर्ट कमिशनर (कोर्टाने जागेवर पाठवलेला माणूस) नेमून मोजणी करून घेतल्याची उदाहरणं आहेत. अर्ज कराच. पण अपील त्या एका अर्जावर उभं करू नका.

सोनचाफा
इथे विचारू का माहीत नाही, पण विषय तोच आहे म्हणून. फौजदारीत पण असंच असतं का? धाकट्या भावाला सेशन कोर्टाने मागच्या आठवड्यात सात वर्षं दिलीत. आई म्हणते अपील केलं आणि वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली तर काय करायचं. या भीतीनेच आम्ही गप्प बसलोय.

काळा_कोट
ताई, गप्प बसू नका. सेशनच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील, मुदत ६० दिवस. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असती तर सेशनमध्ये ३० दिवस. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, पण ही वाट तीच आहे.

आईंना सांगा, आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारने त्यासाठी वेगळं अपील करावं लागतं किंवा हायकोर्टाने आधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. अचानक, न विचारता होत नाही.

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा अर्ज द्या. नुसतं अपील दाखल केल्याने भाऊ बाहेर येणार नाही. वकील परवडत नसेल तर तुरुंगातूनही अपील पाठवता येतं, अधीक्षकांमार्फत. आणि कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. १९८७ चा कायदा आहे. हायकोर्टातही त्यांची समिती असते.

सोनचाफा
शिक्षा वाढत नाही हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवते.

चौथा_पक्षकार
आणि समोरच्याने, म्हणजे फिर्यादीने, केलं तर?

काळा_कोट
पीडिताला २००९ च्या अखेरीपासून स्वतःचा अपिलाचा हक्क आहे. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी धरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर. नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून पीडिताला अपील नाही, ते सरकारने करायचं. आणि सुटकेविरुद्धचं अपील अवघड असतं. पुराव्यावरून दोन मतं शक्य असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल, तर केवळ 'आम्हाला दुसरं पटतं' म्हणून वरचं कोर्ट ते फिरवत नाही.

चौथा_पक्षकार
असो. बांधकरी, तुम्ही स्टे घ्या आधी. मात्र स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो हे लक्षात असू द्या.

काळा_कोट
दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, राग मानू नका.

सहा महिन्यांची गोष्ट २०१८ च्या निकालातली. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने रद्द केली. स्थगिती आता आपोआप उठत नाही.

आणि बांधकरींना 'स्टे' कशावर मिळणार? स्थगिती असते हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला. म्हणजे समोरचा दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावून ताबा किंवा पैसे वसूल करणार असेल तर ती थांबवायची. ऑर्डर ४१ नियम ५ सांगतो की नुसत्या अपिलाने काहीच थांबत नाही, वेगळा अर्ज, मोठं नुकसान होणार हे दाखवणं, उशीर न करणं आणि तारण देणं, हे सगळं लागतं. पण यांचा दावाच फेटाळलाय. फेटाळलेल्या दाव्यात अंमलबजावणी करण्यासारखं काही उरतच नाही, फार तर खर्च. थांबवणार काय?

यांना हवी आहे ती अपिलात नव्याने तूर्तातूर्त ताकीद, म्हणजे निकाल लागेपर्यंत शेजाऱ्याला तात्पुरती मनाई. दावा चालू असताना ताकीद होती का?

बांधकरी
हो, साडेसहा वर्षं होती. ती अजून आहे ना?

काळा_कोट
दाव्याबरोबर गेली. ४ तारखेपासून तुमच्या हातात काही नाही. निकालाच्या दिवशीच तिथल्या तिथे 'अपील करेपर्यंत ताकीद चालू ठेवा' असा अर्ज द्यायचा असतो, बरेच न्यायाधीश काही दिवस देतात. ते झालं नाही. म्हणून तीस दिवस आहेत म्हणून तीस दिवस घेऊ नका.

आणखी एक. शेजारी वकिलाला भेटला असेल तर कॅव्हेट ('मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज) लावेल, कलम १४८अ. ती ९० दिवस चालते. मग त्याला कळवल्याशिवाय तुम्हाला एकतर्फी ताकीद मिळणार नाही.

फ्लॅटधारक
थोडं अवांतर. ग्राहक आयोगात वेगळं असतं का? आम्ही बिल्डरविरुद्ध जिंकलोय, तो वर जाणार म्हणतोय.

काळा_कोट
हो, वेगळं. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाकडून राज्य आयोगाकडे ४५ दिवस. आणि ज्याला पैसे भरायचा आदेश झालाय त्याने निम्मी रक्कम भरल्याशिवाय अपील घेतलंच जात नाही. बिल्डर 'जाणार' म्हणतो आणि जातो, यात त्या पन्नास टक्क्यांचं अंतर असतं.

जुनीपाने
वकीलबाईंनी 'रेकॉर्ड' म्हटलं म्हणून एक जुनी गोष्ट. लोकमान्यांचं ताई महाराज प्रकरण राजद्रोहाच्या खटल्यांइतकं कुणी वाचत नाही, पण अपील काय चीज आहे ते त्यात आहे.

पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली गेले, टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढे बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराजांनी तो दत्तक झालाच नाही म्हणत दुसरा मुलगा मांडीवर घेतला. पुण्याच्या कोर्टात १९०६ ला टिळकांच्या बाजूने निकाल. १९१० ला मुंबई हायकोर्टाने तो उलटा केला, आणि टिळक व त्यांच्या साक्षीदारांनी संगनमताने खोटं सांगितलं, असं म्हणण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा वर लंडनला प्रिव्ही कौन्सिल होतं. तिथे १९१५ साली पुण्याचा निकाल कायम झाला.

प्रिव्ही कौन्सिलने काय धरलं? या प्रतिष्ठित माणसांनी कट केला, असं हायकोर्ट म्हणतं, पण साक्षीच्या वेळी त्यांना तसं कुणी विचारलं होतं का? ज्याबद्दल साक्षीदाराला खुलासा करायची संधीच दिली नाही, त्यावरून त्याला खोटारडा ठरवता येत नाही. उलटतपासावरच्या या मुद्द्यासाठी तो निकाल आजही कोर्टात वाचला जातो. हजारो मैलांवर बसलेल्या न्यायाधीशांनी एकाही साक्षीदाराचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढे होते फक्त खालून आलेले कागद.

निवृत्त_शिरस्तेदार
वा. हे नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर जुनी बासनं जरा प्रेमाने बांधली असती.

बांधकरी, यावरून तुम्हाला काम देतो. प्रत्येक अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, पहिलं कारण ठरलेलं असतं: 'खालील कोर्टाचा निकाल कायद्यास व पुराव्यास धरून नाही.' हे वाक्य टंकलेखकाला झोपेत येतं. त्याने कुणी अपील जिंकलेलं नाही. तुम्ही प्रतिवादीच्या साक्षीची नक्कल मागवा आणि उलटतपास वाचा. निकाल नव्हे, उलटतपास.

बांधकरी
(आठवड्याने)
सात तारखेला नकलेचा अर्ज दिला. तोवर वकिलांकडे साक्षीची झेरॉक्स होती ती घेतली. शेजाऱ्याच्या उलटतपासात, दुसऱ्या पानावर, जसंच्या तसं:

'हे म्हणणे खरे आहे की, मोजणीच्या वेळी मी हजर होतो. हे म्हणणे खरे आहे की, मोजणीदाराने दाखवलेल्या खुणा मी पाहिल्या. हे म्हणणे खरे आहे की, पंचनाम्यावर माझी सही आहे. मी मोजणीविरुद्ध कोठेही तक्रार केली नाही.'

निकालपत्रात या चार ओळींचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी एकोणीस पानं पुन्हा चाळली.

काळा_कोट
हे तुमचं अपील.

जपून बोलते, कारण 'मी हजर होतो' म्हणजे 'मी अतिक्रमण केलं' नव्हे, आणि समोरचे वकील नेमकं हेच म्हणतील. पण मोजणी त्याच्या समक्ष झाली, खुणा त्याने पाहिल्या, हरकत घेतली नाही, आणि मूळ कोर्टाने ही कबुली विचारातच घेतली नाही, हे नेमकं कारण आहे. मेमोत ते असं लिहून घ्या: मुद्दा अमुकवरचा निष्कर्ष, निशाणी अमुक, पान दोन. आणि त्याला जोडून कमिशनरचा अर्ज. कोर्टाला आता तिसरं दार उघडायला निमित्त आहे, कारण रेकॉर्डवरच अर्धी मोजणी उभी आहे.

चौथा_पक्षकार
आणि तिथेही हरले तर हायकोर्ट, मग दिल्ली. तोवर नातवंडं.

काळा_कोट
हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, फक्त वेगळ्या कारणाने. दुसऱ्या अपिलात, कलम १०० खाली, हायकोर्ट पुरावा पुन्हा तोलत नाही. तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, आणि तो कोर्टाने आधी शब्दांत मांडावा लागतो. १९७६ च्या दुरुस्तीपासून असं आहे. 'दोन्ही कोर्टांनी माझ्या साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही' हा तसा प्रश्न नाही. 'निकाल ज्या कबुलीवर फिरला असता ती दोन्ही कोर्टांनी वाचलीच नाही' हा होऊ शकतो. मुंबई हायकोर्टात असंख्य दुसरी अपिलं ऍडमिशनलाच, म्हणजे दाखल करून घ्यायचं का हे ठरतानाच, संपतात, प्रतिवादीला नोटीसही निघत नाही.

सुप्रीम कोर्टात तर अशा दाव्यात अपिलाचा हक्क जवळपास नसतोच, राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली परवानगी मागायची असते. ती कारण न देता नाकारली तर हायकोर्टाचा निकाल बरोबर आहे असं सुप्रीम कोर्ट म्हणालं, असाही अर्थ होत नाही. नुसती परवानगी मिळाली नाही एवढंच. २००० सालचा निकाल आहे.

म्हणजे पुरावा खऱ्या अर्थाने तोलला जाण्याची शेवटची जागा जिल्हा न्यायालय. लोक सगळा दम हायकोर्टासाठी राखून ठेवतात आणि इथे ज्युनियरला उभं करतात.

बांधकरी
वडिलांना समजावलं. मोजणीदार येणार नाही म्हटल्यावर हिरमुसले. मग ती चार वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाले, "ही मीच विचारायला लावली होती वकिलाला." साडेसात वर्षांत त्यांना तेवढं आठवत होतं, मला माहीतच नव्हतं.

काल नक्कल हातात पडली. शिक्का बघितला: अर्ज ७ ऑगस्ट, तयार २० ऑगस्ट, दिली २५ ऑगस्ट. निकाल ४ ऑगस्टचा, तीस दिवस ३ सप्टेंबरला भरतात. त्यात नकलेचे एकोणीस दिवस मिळवले की २२ सप्टेंबर. बरोबर ना, काका?

निवृत्त_शिरस्तेदार
नाही. तिसरी तारीख तुमची, सांगितलं होतं. ७ ते २० धरून चौदा दिवस. १७ सप्टेंबर.

बांधकरी
बाप रे. वकिलांना आत्ता फोन लावतो. ते २२ च धरून बसलेत.